मातीले गेलेली ट्रॉली

तहसील कचेरीच्या मागच्या आवारात आलात, तर डाव्या हाताला कडुलिंबाखाली एक ट्रॉली उभी दिसेल. अंगावर गंज, पोटात मुरूम, मुरुमावर गवत. ती मी. मला बोलायची सवय नाही, ओझं वाहायची आहे. पण माझं ओझं उतरवायला कोणी येत नाही, तेव्हा म्हटलं, बोलून तरी पाहावं. घाई नसेल तर बसा घडीभर.

माझा जन्म कामरगावचा. रहमतुल्लाभाईच्या वर्कशॉपात. वर्कशॉप म्हणजे काय, चार खांब आणि वर पत्रे. तिथं लोखंडाचे तुकडे आडवेतिडवे पडलेले असत आणि त्यातला कुठला तुकडा कुठं लागणार हे एकट्या रहमतुल्लाभाईला ठाऊक असे. तो डोळ्यापुढे काळी काच धरून बसला की बाहेरचा चहावाला हाका मारमारून थकायचा. एक जोड लावला की तो लगेच उठत नसे. तळहात जोडाजवळ नेऊन तो निवायची वाट पाहत बसे. "घाई केली का लोखंड रुसते," असं म्हणायचा.

मला बनवून घेणारा शालिग्राम. कामरगावजवळच्या खेड्यातला शेतकरी. सोयाबीन आणि तूर एवढं त्याचं शेत. पेरणी आणि काढणी सोडली तर हात रिकामे. म्हणून तो आणि त्याची बायको रुख्मिणी आधीपासूनच लोकांची खोदकामं करत. कुणाच्या घराचा पाया, कुणाचा शोषखड्डा. तो टिकाव मारायचा, ती टोपल्यानं माती काढायची. सासऱ्याकडून आलेला एक जुना ट्रॅक्टर दारात होताच. ट्रॉली आली की खोदलेलं वाहूनही नेता येईल, मुरूम आणूनही टाकता येईल, असा त्याचा विचार.

रुख्मिणीनं एकच अट घातली होती. "धंदा करा, पण दिवसाउजेडी. सारे कागद करून. रातचं मले दारात बसून वाट पाहाची नाही." आमच्या शिवारात बरेच जण मुरूम रात्रीचा वाहत. ते तिनं पाहिलं होतं, आणि त्यांच्या बायकाही पाहिल्या होत्या.

तर शालिग्राम वर्कशॉपात आला आणि म्हणाला, "रहमतुल्लाभाई, साईजमंधी बनवा. पासिंगले अडली नाही पाहिजे."

"लोकं माह्याकडं फळ्या वाढवायले येतात," रहमतुल्लाभाई म्हणाला. "कमी करायले तू पयला आला. तब्येत बरी आहे नं?"

"तब्येत बरी आहे. बायको कायद्याची आहे."

"मंग बरोबर. तिथं अपील नाही."

असे हसत हसत त्यांनी मला घडवलं. रंग झाला. पेंटरनं हाताच्या सवयीनं माझ्या मागच्या फळीवर 'शेतीच्या कामासाठी' असं लिहून टाकलं, आणि पासिंगला तेवढ्यावरूनच मला परत पाठवलं. नोंदणी धंद्याची आणि फळीवर शेती, हे कसं चालायचं? रहमतुल्लाभाईनं स्वतः बसून ती अक्षरं खरवडली. पेंटरला म्हणाला, "लेका, तुले लिहिता येते, हेच वाईट झालं."

पुढे कागदांचं जे चाललं, ते मी दारात उभ्याउभ्या पाहिलं. धंद्याची नोंदणी झाली, पिवळी पाटी लागली, विमा झाला, शालिग्रामचं लायसन नवं झालं. ग्रामपंचायतीची ना-हरकत मिळाली, पण तिच्यावर सही करणारा माणूस लग्नाला गेला होता, तो आला तेव्हा शिक्का सापडेना. मग खदानीचं. मुरूम उचलायचा तर ठरवून दिलेल्या खदानीतूनच, सरकारचा भाग भरून, आणि प्रत्येक खेपेला मोबाईलवर पास काढून. हे मोबाईलचं काम त्यांची लेक योगिनी करायची. ती कॉलेजात शिकते. शालिग्रामला सही करता येते, वाचता येत नाही. त्या पासावर वेळ असते. त्या वेळात खदानीतून निघून, जिथं माल टाकायचा तिथं पोचायचं. ट्रॅक्टरला एक काळी पेटी बसवून घ्यावी लागली. ट्रॅक्टर कुठं चालला आणि कुठं थांबला, ते ती पेटी वर कळवत राहते. कशासाठी थांबला ते तिला समजत नाही.

आमच्याच गावचा लखन. त्याच्याकडे ट्रॉली होती, ट्रॉलीला नंबर नव्हता. चहाच्या टपरीवर मला पाहिलं की तो म्हणायचा, "आली बा सरकारची सून. डोक्यावर पदर घेऊन चालते. शाल्या, तुह्या तीन खेपा मी एका खेपेत करतो."

"कर नं बाप्पा," शालिग्राम म्हणे. "मी जेवून झोपतो."

ते दिवस बरे होते. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. माणसांची एक गंमत मी पाहिली. मुरूम दारात पडला की घरधनी येतो, चपलेच्या टोकानं तो उकरतो आणि "बारीक आहे थोडा" म्हणतो. जाड असला तरी बारीक, बारीक असला तरी बारीक. घरची बाई मात्र पहिल्या खेपेला हळदकुंकू घेऊन येते. माझ्या चाकाला बोट लावते. रुख्मिणी खोदायच्या आधी टिकाव जमिनीवर आडवा ठेवायची आणि हात जोडायची. मग शालिग्राम पहिला घाव घालायचा. बोलायचे कमी. दुपारी माझ्याच सावलीत भाकरी सोडायचे.

पण काम हळू होतं. कधी पास निघेना, कधी खदान बंद. गिऱ्हाईक दोन दिवस थांबायचं, मग लखनकडे जायचं. रुख्मिणी म्हणायची, "जाऊ द्या. आपलं हळूहळू होईन." हळूहळू व्हायला लागलंही होतं. कामरगावच्या एका शाळेच्या मैदानात भरण टाकायचं काम मिळालं. पास मागतात म्हणूनच ते आम्हाला मिळालं. त्या दिवशी शालिग्राम टपरीवर लखनच्या शेजारी मुद्दाम बसला. नुसता चहा प्याला.

त्या शाळेच्या भरणाची खेप घेऊन आम्ही कामरगावात शिरलो आणि समोरून जनाजा आला.

आमच्याकडे रीत आहे. मयत आडवी आली की गाडी बंद करायची, टोपी काढायची. शालिग्रामनं ट्रॅक्टर बंद केला. पुढच्या खांद्याला अमान दिसला. अमान म्हणजे रहमतुल्लाभाईचा मुलगा. त्याला तिथं पाहिलं आणि शालिग्रामला कळलं की कोण गेलं ते. आदल्या आठवड्यात रहमतुल्लाभाईनं त्याला वर्कशॉपात चहा पाजला होता. शालिग्राम खाली उतरला, धावत गेला आणि खांद्याखाली खांदा दिला.

थोड्या वेळानं योगिनीचा फोन आला. तिला मोबाईलवर ट्रॅक्टर थांबलेला दिसत होता. "बाबा, पासची वेळ निघून राह्यली. थांबले काहून?"

"मातीले थांबलो बाई. रहमतुल्लाभाई गेले."

पोरगी म्हणाली, "बरं."

बघा, तिला एका शब्दात समजलं. आमच्याकडे कोणालाही समजतं. मातीला जाणं म्हणजे माणसाला शेवटचं पोचवायला जाणं. मग तो जळणार असो की पुरला जाणार असो.

मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होते. मला घडवणारा माझ्या समोरून गेला आणि मला मान वळवता आली नाही. आत प्रत्येकानं तीन तीन ओंजळी माती दिली. शालिग्रामनंही दिली. मग मंडळी गावाच्या बाजूच्या दारानं परतली. शालिग्राम मागे रेंगाळला. तो रस्त्यावर आला तेव्हा माझ्यापाशी एक जीप थांबलेली होती.

जीपमधले तहसीलचे साहेब नवे होते. तरुण, मोठ्या शहरात वाढलेले. माणूस वाईट नव्हता, उगाच त्याला बोल लावणार नाही. मोबाईलमध्ये बघून त्यांनी विचारलं, "पासची वेळ संपलीये. कुठे होतास?"

"मातीले गेलतो साहेब."

साहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हातांना काळी ओली माती, कोपरापर्यंत. माझ्या पोटात तर तांबडा मुरूम.

"मातीला. बरं. किती घेतलीस?"

"घेतली नाही साहेब. दिली."

"कुणाला दिली?"

"रहमतुल्लाभाईले."

"हा कोण?"

"ही ट्रॉली त्यायनंच बनवली साहेब."

"म्हणजे ट्रॉलीवाला. कुठे आहे तो?"

मोठ्या माणसाला 'मेले' असं आमच्याकडे म्हणत नाहीत. शालिग्राम म्हणाला, "गेले साहेब." आणि खाली बघत राहिला. खाली बघणारा माणूस साहेबांनी त्याआधीही पुष्कळ पाहिला असणार.

जीपमधला तलाठी इकडचा होता. पण तो पलीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. त्यानं एक शब्द जरी ऐकला असता, तरी आज मी शाळेच्या मैदानावर असते. साहेब सांगत गेले, एकानं लिहून घेतलं, मग भरभर वाचून दाखवलं. मातीसाठी गेलो होतो. माती रहमतुल्ला यास दिली. रहमतुल्ला निघून गेला. "खरं आहे ना हे?"

"खरं आहे साहेब," शालिग्राम म्हणाला, आणि त्यानं सही केली.

तशी मी इथं आले. भरल्या पोटी आले ती तशीच आहे.

रात्री घरी काय झालं ते मला नंतर रुख्मिणीच्या बोलण्यातून कळलं. ती विचारत होती, "अवो, मयत होती म्हणून सांगतलं काहून नाही?" आणि तो म्हणत होता, "सांगतलं नं. दोनदा सांगतलं."

इथल्या कचेरीत एक बाबू आहे. केस पिकलेला, वाशिमकडचाच. त्यानं कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "अरे, मातीले गेलता, म्हणजे मातीले?"

"हो."

"आणि इथं लिहिलं, रहमतुल्ला फरार. त्याले हजर करा म्हणते."

"थे आता कुठं जातीन बाबू," शालिग्राम म्हणाला.

बाबूला हसू आलं असावं, पण तो हसला नाही. अमान मृत्यूचा दाखला घेऊन आला. बाप मेल्याचं दुःख तर होतंच, त्यात बाप फरार म्हणून लिहिलेला. तो कुणाशीच भांडला नाही. दाखला टेबलावर ठेवला आणि उभा राहिला. रहमतुल्लाभाईच्या नावावर रेघ ओढली गेली. तेवढं झालं.

पण पासची वेळ निघून गेली होती, ते तसंच राहिलं. तोवर ते साहेब बदलून गेले होते. बाबूनं खालच्या आवाजात सांगितलं. "वेळ चुकली तं तीन कारणं चालतात. गाडी बिघडली, अपघात झाला, नाहीतं पाणी आलं. मातीचं कारण चालत नाही. तू असं कर. लिहून दे, का ट्रॉलीचा जोड तुटला म्हणून रस्त्यात थांबलो. मातीले गेलो नाही, पयला जबाब घाबरून दिला. थोडक्यात सुटशीन. हे नाही लिहिलं, तं दंड असा बसन का त्यात दुसरी ट्रॉली येईन."

शालिग्राम, रुख्मिणी आणि अमान विचार करायला माझ्यापाशी आले. शालिग्राम माझ्या दांडीवर बसला. दांडी जिथं धडाला मिळते, तो जोड त्याच्या हाताखाली होता. त्यावर सगळं ओझं येतं. रहमतुल्लाभाईनं तो दोनदा लावला होता.

"लिहा," रुख्मिणी म्हणाली. "कागदच तं आहे."

"लिहा चाचा," अमान म्हणाला. "अब्बाले काय फरक पडते आता?"

शालिग्राम जोडावरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "मातीले गेलो नाही म्हणू? खांदा दिला मी. आणि जोड तुटला म्हणू? एवढ्या ट्रॉल्या बनवल्या त्या माणसानं. एकीचा जोड नाही तुटला. तो गेला, आन् लगेच सरकारात लिहून ठेवू का तुटला म्हणून?"

अमाननं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते.

रुख्मिणी म्हणाली, "मंग आपण तुटलो तं चालते?"

शालिग्राम उठला आणि बाबूकडे जाऊन सांगून आला की जे झालं तेच लिहा.

लोक त्याला भला माणूस म्हणाले. कुणी वेडा म्हणालं. मला विचाराल, तर मी त्याच्यावर फार रागावले. मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं, लिही रे बाबा. माझा जोड मला ठाऊक आहे. कागदावर तुटल्यानं तो तुटत नाही. ज्यानं लावला तोसुद्धा हसून म्हणाला असता, लिही. शालिग्रामला मात्र दोन माणसांपुढे खोटं बोलायला लागलं असतं. एक कचेरीतला बाबू, आणि दुसरा तो, जो ऐकायलाच नव्हता. त्या दुसऱ्यापुढे त्याला ते जमलं नाही.

बाबू म्हणाला होता तेवढा दंड बसला, तो भरता आला नाही, आणि मी इथंच राहिले. त्यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. उभ्या वस्तूला काय घडणार?

माझी चाकं बसली आहेत, रबर फुटलं आहे. मुरुमावर आधी बारीक गवत आलं, मग तरोटा वाढला, आता एक एरंडही उगवला आहे. कचेरीतली माणसं दुपारी माझ्या सावलीत मोटारसायकली लावतात, डबा खाऊन माझ्या फळीला हात पुसतात. पिवळ्या पाटीचा रंग उडाला. माझ्या आजूबाजूला दुसऱ्या ट्रॉल्या येतात आणि जातात. लखनचीही येते. दुसऱ्या दिवशी ती बाहेर. तिचा जोड दर वेळी कागदावर तुटलेला असतो.

ट्रॅक्टर हमीवर सुटला होता, पण माझ्याशिवाय त्याला काम कुठलं. तो विकला. शालिग्राम सुरुवातीला दर बाजाराला यायचा. वरच्या साहेबांकडे अर्ज केला होता, त्याच्या तारखा पडत. तारीख झाली की तो माझ्याकडे येऊन उभा राहायचा. एकदा त्यानं मुरुमातला तरोटा उपटला. शिपाई म्हणाला, "हात लावू नको, जप्तीचा माल आहे." तेव्हापासून तो हात मागे बांधून उभा राहू लागला. मग त्याचं येणं कमी झालं. मग बंदच.

रुख्मिणी एकदा एकटी आली. अर्ज नामंजूर झाल्याचा कागद घ्यायला आली होती. माझ्याजवळ बसली, पदरानं तोंड पुसलं. शेजारी भाजी निवडत बसलेल्या बाईनं विचारलं, "तुमचे मालक नाही आले?"

"त्याहिले आता रोजी लागली. लखनच्या ट्रॅक्टरवर आहेत."

"बरं झालं मंग."

"हो," रुख्मिणी म्हणाली. "रातचं जातात. मी बसते दारात."

आणि उठून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं की नाही, ते मला आठवत नाही. आठवत नाही असं नाही. नाही पाहिलं.

परवा सकाळी लखनचा ट्रॅक्टर कचेरीसमोरच्या रस्त्यानं गेला. मागं रिकामी ट्रॉली, नंबर नसलेली, रात्रभर राबलेली. चालवणारा शालिग्राम होता. मी त्याला गिअर टाकण्यावरून ओळखलं, तो दुसरा गिअर नेहमी जरा उशिरा टाकतो. गेटासमोर आल्यावर त्यानं मान फिरवली. समोरच्या बाजूला दवाखान्याची पांढरी भिंत आहे. तिच्यावर काहीच नाही. भिंत संपेपर्यंत तो तिच्याकडेच बघत गेला.

माझा लिलाव लागला आहे. तसा कागद माझ्या फळीला डकवला आहे. कोण नेईल, कुठं नेईल, माझ्या हाती नाही. भंगारातही जाईन. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, ते पुन्हा कुठंतरी लागतं. माणसाचं तसं नसतं.

तुम्ही आता निघालात. कामरगावच्या बाजूला जाणार असाल आणि शालिग्राम कुठं भेटला, तर एवढा निरोप सांगा. ट्रॉली रागावली होती, आता रागावलेली नाही. तो मातीला गेला ते बरंच केलं. मला जायचं होतं आणि जाता आलं नाही, माझ्या वाटची मातीही तो देऊन आला. आणि रात्रीच्या कामाचं त्यानं मला काही सांगायची गरज नाही, मी विचारणार नाही.

फक्त कचेरीसमोरून जाताना मान फिरवू नको म्हणावं. मी इथं आहे तोवर, इकडं पाहिलं तरी चालतं.